बंदिस्त मनगटाचा हुकूम

“शब्द दिलास तर त्यो तोंडात ठिवू नगंस, पोरी. तोंडातला शब्द खरकटा हुतोय. पायांत ठिव.”

आमच्या सासूबाईंचं, म्हणजे आक्कांचं, हे सांगणं मला रोज आठवायचं. आठवून मी हात जोडत असे आणि पुढच्या कामाला लागत असे. चांगलं वचन आठवलं की निम्मं पाळल्यासारखं वाटतं. उरलेलं निम्मं मी रविवारच्या ज्योतिबाच्या उपवासात आणि शुक्रवारच्या अंबाबाईच्या दर्शनात भरून काढत असे.

शाहू महाराज गादीवर येऊन तेव्हा सतरा वर्षं झाली होती. आमचे हे, ज्यांना कचेरीत गणपतराव म्हणत, वहिवाट व कुंपण खात्यात कारकून होते. लोकांच्या वाटा मोकळ्या ठेवायच्या आणि सरकारची कुरणं बंद ठेवायची, एवढं या खात्याचं काम. खात्याचे वरिष्ठ रावसाहेब त्या साली मुंबईला जाऊन आले. तिथे एका गोऱ्या साहेबाला त्यांनी चहा पिताना पाहिलं. साहेबाच्या बाह्या मनगटावर उलट्या दुमडलेल्या, आणि चार भोकांतून एक चिमुकली साखळी गेलेली. साखळीच्या दोन्ही टोकांना सोनेरी टिकल्या. रावसाहेबांच्या तत्काळ लक्षात आलं, की इंग्रजांचं राज्य जगभर का पसरलं. त्यांची मनगटं बांधलेली होती. आपली उघडी होती.

परत आल्यावर चौथ्या दिवशी हुकूम निघाला: “सरकारी काम करतेवेळी प्रत्येक इसमाचे मनगट दुमडलेल्या, खळ दिलेल्या कफाने व साखळीच्या बटणाने बंदिस्त असावे. उघड्या मनगटाने केलेले काम, काम समजले जाणार नाही.”

यांनी हुकूम घरी वाचून दाखवला. मी म्हटलं, “चांगलंच आहे. देवाच्या कामाला सोवळं लागतं, सरकारच्या कामाला कफ लागू दे.” तेव्हा मला यात काही गैर दिसलं नव्हतं. आजही गैर कुठून सुरू झालं ते नेमकं सांगता येणार नाही. प्रत्येक पायरी फार व्यवस्थित होती.

त्याच आठवड्यात कोडोलीची झुंबरबाई आमच्या सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, येऊन बसली. विधवा बाई. आक्कांच्या माहेरची ओळख. तिची लेक बयाबाई पहिल्या बाळंतपणाला आलेली, सातवा महिना. कोडोलीला त्यांच्या घरापासून विहिरीकडे एक पाणंद जाते. कुरणाला कुंपण घालायला खात्याची माणसं गेली होती. कुंपण झालं आणि बाभळीच्या चार काट्या उरल्या. त्या परत कोठीत नेल्या असत्या तर वरचा अंदाज चुकल्यासारखं दिसलं असतं. म्हणून त्यांनी त्या पाणंदीत आडव्या टाकून खुंट्या मारल्या.

“आता पोरगीला पाण्याला जायचं तर माळाला वळसा घालून जावं लागतंय, वैनी,” झुंबरबाई म्हणाली. “म्या गुडघ्यानं अधू, भरली घागर उचलवत न्हाई. गाव म्हणतंय, काट्या सरकारी हायत, हात लावू नगासा. सुईण बी त्याच वाटनं येणार हाय. बाळंतपणाच्या आत तेवढी वाट मोकळी करून द्या की.”

“अर्ज यांच्याच मेजावर आहे,” मी म्हटलं. “वाट मोकळी होईल. हा माझा शब्द.”

ती गेली, आणि मी देवापुढे संकल्प सोडला: झुंबरबाईची वाट मोकळी होईपर्यंत मी भात खाणार नाही.

कफांना खळ लागत होती. भाताची पेज काढून घट्ट खळ करावी, कफ बुडवावेत, उन्हात वाळवावेत. मग ते पत्र्यासारखे वाजत. त्यामुळे ज्या महिन्यापासून मी भात सोडला, त्याच महिन्यापासून आमच्या घरी रोज दुप्पट भात शिजू लागला.

मोडी लिहायची तर हात कागदावरून सरकत जावा लागतो, तरच ओळ एका दमात उतरते. पत्र्याचं मनगट सरकेना. ते ओल्या शाईवरून फिरे, ओळ पुसून टाके आणि तीच ओळ बाहीवर उलटी उमटवे. पहिल्या आठवड्यात खात्याचा निम्मा पत्रव्यवहार धोब्याकडे गेला. यावर रावसाहेबांनी लिहिलं, की लिखाण कमी झालं असलं तरी कारकून लिहिताना फार भारदस्त दिसतात.

शिंप्याकडे गर्दी झाली. कुतुबुद्दीन शिंपी आमच्या गल्लीतलाच. मी मापं घेऊन गेले, तर त्याच्या दोरीवर नुसते कफ वाळत होते. सदरा एकही नाही.

“सदरे कुठं आहेत, कुतुबुद्दीन?”

“सदऱ्याचं कापड कुणाला झेपतंय, वैनीसाब? लोकं नुस्ती मनगटं शिवून न्हेत्यात. कोटाच्या बाहीत खुपसायची की झालं. काल एक पावणं आलं, म्हणालं, दोन मनगटं द्या. म्या म्हटलं, मालक, हात हायत न्हवं संगट?”

मीही दोन मनगटं शिवून आणली.

यानंतर बटणं आली. मुंबईहून, लाकडी पेटीतून. कोठीवाले बाळासो यांनी मागणी “दर इसमास एक जोडी” अशी लिहिली होती, आणि दुकानदाराने तशी बरोबर पाठवली होती. पेटी उघडून बाळासोंनी एक साखळी उचलली. तिला दोन टोकांना दोन टिकल्या. झाली जोडी! त्यांनी प्रत्येकाच्या हातावर एकेक साखळी ठेवली आणि निम्मी पेटी उरली. बाळासोंनी “काटकसरीने निम्मा माल वाचविला” असा अहवाल वर पाठवला. वरून शाबासकीचं पत्र आलं. ते पत्र कोठीच्या भिंतीवर टांगल्यानंतर कुणीतरी कारकुनाने विचारलं, “दुसऱ्या हाताचं काय?”

आता उरलेली बटणं वाटली, तर शाबासकी खोटी ठरत होती. शाबासकी सरकारी कागद होता. सरकारी कागद खोटा असू शकत नाही. म्हणून दुसरा हात खोटा ठरला.

रावसाहेबांनी पाहणी केली. प्रत्येक कारकुनाचं एक मनगट बंदिस्त, एक उघडं. म्हणजे हुकमाप्रमाणे प्रत्येक कारकून अर्धाच कामावर होता. रावसाहेब न्यायी माणूस. त्यांनी कुणाला दंड केला नाही. त्यांनी दोन अर्धे मिळून एक पूर्ण केला.

आमच्या यांनी उजव्या हाताला बटण लावायचं, शेजारच्या सयाजीरावांनी डाव्या हाताला. सयाजीरावांनी डाव्या हाताने कागद दाबून धरायचा, यांनी उजव्या हाताने लिहायचं. दोघांचे उघडे हात मांडीखाली. अशा दोघांना मिळून “एक कारकून” असं हजेरीपटावर लिहिलं जाऊ लागलं. यांच्या नाकावर माशी बसली, आणि उजवा हात लिहिण्यात गुंतलेला असला, तर ती हाकलायचा अधिकार फक्त सयाजीरावांना होता. सयाजीराव म्हणत, “गणपतराव, माशीचा अर्ज करा आधी.”

घरी आले की हे डाव्या हाताने पाण्याचा तांब्यासुद्धा उचलत नसत. सवय मोडते म्हणत.

झुंबरबाई दुसऱ्यांदा आली तेव्हा बयाबाईला आठवा लागला होता.

“झालं का वं, दादा?” तिने यांनाच विचारलं.

“व्हय, जवळ जवळ झालंय,” हे म्हणाले. “हुकूम तयार करायचा आहे फक्त. सयाजीराव गडहिंग्लजला गेलेत, भाचीच्या लग्नाला. डावा हात त्यांच्यासंगं गेलाय.”

“त्यास्नी हात दोनच हायत का?”

“त्यांचा एक, माझा एक.”

झुंबरबाईने मला बाजूला घेऊन विचारलं, “वैनी, दादांची तब्येत बरी हाय न्हवं?”

मी तिला धीर दिला. माझ्या व्रताचं सांगितलं. ती गुडघा धरून उठली आणि निघाली.

माझ्या व्रताची गोष्ट मात्र गावभर झाली. मी कुणाला सांगितली नव्हती. फक्त देवळात विचारलेल्यांना सांगितली होती. रावसाहेबांच्या घरातल्या बाळाबाईंनी ती ऐकली, आणि त्यांचे डोळे भरून आले. “त्या गरोदर पोरीसाठी मीही भात सोडते,” त्या म्हणाल्या. पुढच्या शुक्रवारी अकरा जणींनी सोडला. आम्ही एकत्र बसून झुंबरबाईच्या वाटेसाठी आरती म्हणू लागलो. उद्यापनाला किती सवाष्णी सांगायच्या यावर दोन शुक्रवार चर्चा झाली. बयाबाईचं नाव आम्हाला सगळ्यांना पाठ होतं. तिला कुणी पाहिलं नव्हतं.

खुद्द रावसाहेबही हेलावले. त्यांनी यांना खोलीत बोलावून सांगितलं, “गणपतराव, अशा बायका आहेत म्हणून खातं उभं आहे. मीही शनिवारचा भात सोडला आहे.”

“साहेब, तेवढा हुकूम लिहून सही झाली असती तर...” हे म्हणाले.

“सही?” रावसाहेब दुःखाने म्हणाले. “गणपतराव, कागद धरणार कोण?”

सयाजीरावांना गडहिंग्लजला ताप आला होता. ते महिनाभर येणार नव्हते, आणि बाकीचे डावे हात दुसऱ्या कारकुनांचे अर्धे होते. उघड्या हाताने कागद धरून केलेली सही ही सही नव्हे, हे कुणी कुणाला समजावून सांगण्याची गरज उरली नव्हती.

एका शनिवारी संध्याकाळी झुंबरबाई तिसऱ्यांदा आली. नववा महिना लागून पंधरा दिवस झाले होते. मी अंगणात कफ वाळवत होते. स्वयंपाकघरात खळीसाठी भात रटरटत होता. ती सोप्यावर बसली, पाणी प्याली. मी तिला सांगितलं, की आता आम्ही तेवीसजणी झालो आहोत.

“वैनी,” ती म्हणाली, “तुमी भात खावा वं.”

“असं कसं? वाट मोकळी झाल्याबिगर—”

“तुमच्या उपासानं माझी लेक जवळच्या वाटनं जाणार हाय व्हय? पोरगी काल माळावर चक्कर येऊन बसली. घागर फुटली. ती फुटू दे, पर पोरगी फुटायची न्हवं का उद्या? तुमी तेवीसजणी. काट्या चार. एकेकीनं नुस्ता हात लावला असता तर...”

बाई मोठ्यानं बोलणारी. पण हे तिने हळू सांगितलं. ओरडली असती तर मी शांत राहिले असते, आणि त्याचं पुण्यही मला मिळालं असतं.

मी देवघरात गेले. हात जोडले. देवापुढे तीन महिन्यांचे संकल्प ओळीने उभे होते, आणि सगळे तोंडातले होते. भात सोडणं मला जमलं होतं, कारण ते घरी बसून जमत होतं. माझ्या भक्तीलाही खळ होती. तीही कुठे वाकत नव्हती आणि पत्र्यासारखी वाजत होती.

वाचणाऱ्याला आमच्या कचेरीचं हसू येत असेल तर त्याने खुशाल हसावं. बयाबाईसाठी जीव हळहळला असेल, तर तेही चांगलंच. फक्त हळहळताना छातीवर ठेवलेल्या हाताची बाही एकदा पाहावी. आम्ही तेवीसजणीही फार मनापासून हळहळलो होतो.

झुंबरबाई रात्री आमच्याकडेच झोपली. रविवारी उजाडताना मी अंघोळ केली, दिवा लावला. मग चुलीपाशी बसून खळीतला भात वाटीभर घेतला आणि खाल्ला. ज्योतिबाचा वार होता. ज्योतिबाचा डोंगर वाटेवरच लागतो, काय ते तिथेच सांगेन म्हटलं. परसातला कोयता काढला.

हे सोप्यावर उभे होते. कोयता पाहून म्हणाले, “कोडोली सहा-सात कोस आहे.”

“माहीत आहे.”

“काट्या सरकारी आहेत.”

“म्हणूनच तुमचे कफ नेते आहे,” मी म्हटलं, आणि खुंटीवरची दोन्ही मनगटं खाली काढली. बाभळीचे काटे बोटभर असतात. खळ दिलेल्या कापडातून ते आत जात नाहीत. तीन महिन्यांत त्या कफांचा उपयोग सापडला तो हा.

माझ्या उजव्या मनगटावर त्यांनी कफ दुमडला आणि खिशातलं ते एकुलतं बटण काढलं. चार भोकांतून साखळी ओवायला दोन हात लागतात. क्षणभर त्यांचा डावा हात कमरेपाशीच घुटमळला. मग तो पुढे आला. डाव्या मनगटावरचा कफ त्यांनी सुतळीने आवळला.

“सरकारी काम करतेवेळी,” ते हळूच म्हणाले, “मनगट बंदिस्त असावे.”

मी कोयता पदराखाली घेतला. झुंबरबाई पायरी उतरून उभी होती. तिचा गुडघा अधू, म्हणून मी तिच्या चालीने चालू लागले.