बोंबलांची काठी

गोटीरामभाऊंच्या घराला प्लंबरचा पाय कधी लागला नव्हता, आणि याचा त्यांना भारी अभिमान होता. उलव्यात शेताच्या जागी तीन मजली घर उभं राहिलं तेव्हापासून नळ गळो की टाकी वाहो, भाऊ पाना घेऊन स्वतः हजर. त्यानंतरही नळ गळायचाच, पण भाऊंच्या देखरेखीखाली गळायचा.

त्यामुळे पुतळाबाईंनी बोंबील वाळत घालायला लांब काठी मागितली, तेव्हा भाऊ बांबू आणायला बाजारात गेले नाहीत. ते शिडी लावून पोटमाळ्यावर चढले. वरच्या हॉलला नवं फॉल्स सीलिंग केलं होतं. त्याच्या वर आणि पत्र्याच्या खाली रांगता येईल एवढी जागा उरली होती. तिथल्या अंधारात एक जाडजूड करडा पाइप खालून येऊन थेट पत्र्याबाहेर निघत होता. भाऊंनी त्याला कान लावला, ठोकून पाहिला. आत पाण्याचा टिपूस नाही. मधला तुकडा जोडापाशी फिरवून ओढला, तर अलगद हातात आला.

"उगाच लावला व्हता," खाली येऊन ते म्हणाले. "कोरडा ठाक हाय."

"बरा हाय," पुतळाबाई म्हणाल्या. "बांबूची कुसळं तरी नाय लागायची." आणि हॉलपुढच्या गच्चीत त्यांनी जबड्यात जबडा अडकवून बोंबलांच्या जोड्या त्या पाइपवर टांगल्या.

हॉलच्या खिडक्या उघड्या होत्या, तोवर चार दिवस सगळं छान होतं. धूळ नको म्हणून पाहुण्यांच्या आदल्या रात्री त्या लावल्या. घोळ झाला तो पाहुणे येण्याच्या सकाळी.

पाहुणे म्हणजे द्रोणागिरीचे नामदेवशेठ आणि त्यांच्या घरच्या बाई. त्यांच्या रुतिकानं भाऊंच्या रूपेशला होकार दिला होता, पण आईवडील घर बघून मगच हो म्हणणार होते. याआधीचं स्थळ याच हॉलमध्ये मोडलं होतं. भाऊंनी स्वतः दुरुस्त केलेली पत्र्यावरची टाकी तेव्हा नेमकी पाहुण्यांच्या डोक्यावर गळली होती. रूपेशनं त्यावरून भाऊंना कधी बोल लावला नव्हता. पण आज तो सकाळपासून हॉलच्या छताकडे बघत होता.

"बाबा," तो म्हणाला, "कसला वास येतोय?"

वास होता. एखादा उंदीर मरून चार पाहुण्यांना बोलावून बसला असावा, असा होता.

"तुझ्या आयशीचे बोंबील," भाऊंनी निकाल दिला.

पुतळाबाईंनी हातातली परात खाली ठेवली. "जन्म गेला माझा बोंबलात. हा वास बोंबलाचा? पुन्यांदा बोलू नका."

पण भाऊंना धीर कुठला! त्यांनी शेजारच्या घरातल्या कमळीवहिनींना हाक मारली आणि काठीसकट सगळे बोंबील त्यांच्या गच्चीत रवाना केले. वास तसाच. भाऊंनी फिनेल ओतलं, मग उदबत्त्यांचा अख्खा पुडा लावला. आता घरात मेलेल्या उंदराचं पुण्यस्मरण चालू असल्यासारखं वाटू लागलं.

तेवढ्यात पाहुणे आले.

नामदेवशेठ मोजकंच बोलणारा माणूस. सुक्या मासळीचा व्यापार करून त्यांच्या चेहऱ्यालाही थोडा कोरडेपणा आला होता. ते सोफ्यावर बसले. भाऊंनी नवं सीलिंग दाखवलं, त्यातले दिवे दाखवले. शेठ वर बघत असतानाच खालच्या भाडेकरूनं फ्लश ओढला, आणि छतातून 'भुस्स' असा आवाज आला. पाठोपाठ दिव्यांच्या फटींतून वासाचा ताजा लोट खाली उतरला. शेठच्या बायकोनं पदर नाकाला लावला.

रूपेशनं डोळे मिटून घेतले. भाऊंच्या तोंडून शब्द निसटले, "बोंबील हो. घरात बोंबील वाळतात, त्यांचा वास."

पुतळाबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की भाऊंना दोन्ही संकटांत मोठं कुठलं ते कळेना.

"बोंबील?" शेठनं हळूच कप खाली ठेवला. "असा वास मारनारे बोंबील ज्या घरात खातात, तिथं मी पोरगी देऊ? आना बघू."

आता नाही म्हणायची सोय नव्हती. भाऊंनी गच्चीतून हाक मारली आणि कमळीवहिनी काठी खांद्यावर घेऊन जिना चढून आल्या. दोन्ही टोकांना बोंबील डुलत होते.

"घ्या भावजी. सकाळी पाठवलेत, आता परत मागवलेत. ठरवा तरी एकदा."

शेठनं एक बोंबील उतरवला, मोडला, नाकाशी धरला. हॉलमध्ये कोणी श्वास घेईना. तसाही कोणाला घ्यायचा नव्हता.

"एक नंबर माल," ते म्हणाले. "कुनी वाळवला?"

पुतळाबाईंनी नुसती मान ताठ केली. शेठची नजर मग काठीवर गेली. त्यांनी तिचं टोक न्याहाळलं, रुंद तोंडात दोन बोटं घातली आणि सावकाश छताकडे पाहिलं.

"गोटीरामभाऊ, ही काठी कुठली?"

"पोटमाळ्यातली," भाऊ पुटपुटले. "रिकामीच व्हती. पान्याचा थेंब नाय जात त्यातून."

"पानी नाय जात. हवा जाते. खालच्या सगळ्या संडासांची. ती पत्र्याबाहेर जायची, ती तुमी हॉलात घेतली."

पुतळाबाईंनी डोक्याला हात लावला. रूपेश शिडी घेऊन आला. बोंबील सोफ्यावर ओतले गेले, पाइप पुसून पोटमाळ्यात परत बसला, खिडक्या उघडल्या. खालच्यानं पुन्हा फ्लश ओढला तेव्हा भाऊंनी सोफ्याचा हात घट्ट धरला. छत गप्प राहिलं.

निघताना शेठ दारात थांबले.

"बायको म्हनते, बोंबील असे वाळवनारी सासू पोरीला परत नाय मिळायची. आमचा होकार हाय. पन लग्न होईस्तवर तुमी पोटमाळ्यावर चढायचं नाय."

रूपेश हसला. कित्येक दिवसांनी हसला, आणि भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहुण्यांना जिन्यापर्यंत सोडून आले, तर पुतळाबाई सोफ्यावरच्या ढिगाऱ्याकडे बोट दाखवून उभ्या.

"हे कशावर घालू? काठी पायजे."

"आत्ता आनतो," म्हणत भाऊ हुरूपानं गच्चीत गेले. पत्र्यावरून आता गच्चीत आणलेल्या पाण्याच्या टाकीच्या अगदी वरच्या कडेला, जादा पाणी जायचा एक पाइप आडवा बाहेर आला होता. भाऊंनी त्याला कान लावला. कोरडा ठाक. त्यांनी दोन्ही हातांनी तो धरला.

"आवो," दारातून पुतळाबाईंचा आवाज आला, "बांबू बाजारात मिळतो."