तटस्थ जागा

"ह्यो साहेब भांडान मिटवाय आलाय का आमाला गाडीखाली घालाय?" बेबीआक्का पदराआड खोकत पुटपुटली.

एकेचाळीस सालचा एप्रिल. निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या बायका संपावर होत्या. मागणी एकच : खिडक्या उघडा, भुकटीनं जीव जातोय. तडजोडीसाठी सरकारनं बेळगावाहून धाडलेले उपेंद्रराव साहेब मात्र दोन दिवस तटस्थ जागाच शोधत होते. वखार मालकाची. शाळा? तिचे अध्यक्ष मालक श्रीपालअण्णा. धर्मशाळा? अण्णांच्या आजोबांची. वडाचा पारही अण्णांनीच बांधलेला. शेवटी साहेबांनी वखारीसमोर भर रस्त्यात सतरंजी अंथरली. जेवायला तेवढे ते अण्णांकडे जात. जैनाघरचं जेवण दिवस मावळायच्या आत, म्हणून बैठक चारलाच आटपे. ताट बहुधा तटस्थ असावं.

"खिडक्या का उघडत नाहीत?" साहेबांनी विचारलं.

"पावसानं लाकूड फुगलंय, साहेब," अण्णा म्हणाले.

एप्रिलच्या उन्हात घाम पुसत साहेबांनी लिहून घेतलं : लाकूड फुगले आहे.

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. बेबीआक्कानं मान खाली घातली. खरं काय ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण बोललं तर तिचा नवरा रवळू, अण्णांचा सुतार, उद्या घरी बसला असता.

तेवढ्यात वावटळ उठली. कागद उडाले, सतरंजी उडाली आणि तटस्थता सोडून सगळे समोरच्या वखारीत घुसले. अण्णांनी घाईनं दार लावलं. आत आलेल्या वाऱ्यानं ढिगांवरची भुकटी उधळली होती. साहेबांना एक शिंक आली, मग पाच, मग मोजायची सोय उरली नाही. टोपी तंबाखूत पडली.

"खिडकी! अहो, खिडकी उघडा कुणीतरी!"

बायका हाताची घडी घालून उभ्या. "आमी संपावर हाय, साहेब."

साहेब स्वतःच खिडकीला लोंबकळले. ती हलेना. "केवढं फुगलंय हे लाकूड!"

अण्णा उपरण्यात तोंड खुपसून खोकत होते.

बेबीआक्कानं साहेबांचा लालबुंद, पाणावलेला चेहरा बघितला. असे चेहरे तिनं शेजारी बसणाऱ्या बायांचे अकरा वर्षं बघितले होते. तिला त्या माणसाची कीवच आली. ती पुढं झाली.

"फुगलं न्हाय, साहेब. खिळं हाइत. वाऱ्यानं पान वाळून वजनाला घटतंय म्हनून अण्णांनी सांगितलं, आन माझ्याच नवऱ्यानं ठोकल्यात. आता ह्ये लिवा."