हललेल्या फोटोतली जात

कार्यालय उघडताच सांबरशिंगी भुंगेरा स्वतःचा फोटो घेऊन जात ओळखून घ्यायला आला आणि वासंती अणावकरांनी त्याला बसायला सांगितलं.

तालुक्याच्या कीटक-ओळख कार्यालयात वासंतीबाई एकट्याच तज्ज्ञ होत्या. सांबराच्या शिंगांसारखे जबडे मिरवणाऱ्या या भुंगेऱ्यांच्या त्या भागात दोन जाती होत्या. दिसायला हुबेहूब सारख्या. एकीच्या जबड्याला आतून बारीक दात असतो, दुसरीच्या नसतो, इतकाच काय तो फरक.

"लग्नाचं काम आहे," भुंगेरा खुर्चीच्या हातावर टेकत म्हणाला. "मुलीची न् माझी ऐनाच्या झाडावर ओळख झाली. तिचे वडील म्हणतात, मुलगा चांगला आहे, पण जात कळू दे."

"तुम्हाला ठाऊक नाही?"

"अंड्यातून बाहेर आलो तेव्हा आईबाप नव्हते. कुजक्या ओंडक्यात एकटा वाढलो. विचारणार कुणाला?"

वासंतीबाईंना वाईट वाटलं. त्यांनी फोटोवर भिंग धरलं. पाय छान आले होते, पाठही चकाकत होती. नेमका जबडा हलला होता.

"फोटोग्राफर हसा म्हणाला," भुंगेरा ओशाळून म्हणाला. "पण मॅडम, मी समोरच आहे की. बघा ना." त्यानं जबडा चांगला फाकवला.

"मिटा आधी!" वासंतीबाईंनी घाईनं मान फिरवली. "ओळख फोटोवरूनच होते. तोंड बघून ठरवलं तर पक्षपात केला म्हणतील लोक."

भुंगेऱ्याला ते पटलं. त्यानं जबडा मिटला. "दुसरा फोटो काढीनही," तो हळूच म्हणाला, "पण पाऊस सरला की आम्हीही सरतो. लग्नाला वेळ कुठे उरतो मग?"

वासंतीबाई बराच वेळ फोटो पाहत राहिल्या. मग त्यांनी दाखल्यावर लिहिलं, 'जात : अनिश्चित', आणि शिक्का मारला.

दुपारी मुलीचे वडील तणतणत आले. "अनिश्चित म्हणजे आमच्याहून वरची की खालची?"

"तुमची कोणती?"

वडिलांनी आजवर जात फक्त दुसऱ्यांना विचारली होती. ते तडक फोटो काढून आले. पण फोटोग्राफरला कसा फोटो काढायचा हे शिकवताना त्यांची मान सारखी हलत होती. वासंतीबाईंनी त्यांनाही 'अनिश्चित'चा दाखला दिला.

त्यांनी तो वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. "अहो, म्हणजे मुलगा आपल्यातलाच निघाला!"

त्याच संध्याकाळी ऐनाच्या खोडावर लग्न लागलं. वासंतीबाईंना आग्रहाचं बोलावणं होतं. द्रोणातून झाडाचा ताजा चीक वाढला गेला, तो त्यांनी बोटानं चाटला. गोड होता. नवरीनं वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांना भरून आलं.

पुढच्या आठवड्यात कार्यालयाबाहेर रांग लागली. सगळ्यांचे फोटो हललेले होते. वासंतीबाईंनी सगळ्यांना दाखले दिले आणि आपल्या हातून चांगलं काम झालं, असं त्यांना वाटू लागलं.

मग एक वयस्कर भुंगेरा आत आला. त्यानं टेबलावर दोन फोटो ठेवले.

"हा मुलाकडच्यांचा. नुसता हललाय," तो आवाज खाली आणून म्हणाला. "आणि हा आमचा. यात काही म्हणजे काही दिसत नाही. यांच्यात मुलगी कशी द्यायची, तुम्हीच सांगा."

वासंतीबाईंनी चष्मा पुसला आणि दोन्ही फोटो उजेडात धरले.