आप्पांचा शोकखड्डा

आमच्या न्हाणीतून तांब्याभर पाणी बाहेर पडले, की भिंतीपलीकडून आप्पांचा प्रश्न येई, "गुरुजी, पानी गेलं कुठं?"

घाटनांदूरला मी शिक्षक म्हणून नवा होतो. स्नानाचाही जाब द्यावा लागतो, हे मला ठाऊक नव्हते.

"गल्लीत," मी संकोचून म्हणे.

"आन् गल्लीतून?"

"कल्पना नाही."

"मंग आंगुळ कावून करताव?"

किराणा दुकान पुतण्याकडे सोपवून आप्पा एकटे राहत. गल्लीत एसटीडीचा पिवळा फलक आला, छपरांवर अँटेना उगवले. सांडपाणी मात्र हातपंपाच्या ओट्याशीच साचे. आप्पा त्यात काठी बुडवून पाहत आणि खरोखर घाबरत.

ग्रामसेवकांनी सभेत सांडपाणी जिरवणाऱ्या शोषखड्ड्याची माहिती दिली: तळाशी दगड, त्यावर विटांचे तुकडे, वाळू, तोंडाशी भोके पाडलेले मडके. आप्पांनी दुसऱ्याच दिवशी अंगण खणले आणि दारोदार प्रचार आरंभला. फक्त त्यांच्या तोंडी 'शोष'चा 'शोक' झाला होता.

"वैनी, दारात येक शोकखड्डा करून घ्या."

"भरल्या घरात असलं अभद्र बोलू नका, आप्पा!" माझ्या पत्नीने दार लावून घेतले. गल्लीतल्या साऱ्याच बायकांनी लावले.

मी एकदा चाचरत शब्द दुरुस्त केला. आप्पा म्हणाले, "तुमी शुद्धलेखन बगा, गुरुजी. मी पानी बगतो."

पावसाळ्यात पलीकडच्या गल्लीत जुलाब-उलट्यांची साथ आली आणि एका सकाळी आमची सहा वर्षांची सुमी आडवी झाली. दवाखान्यात खाट नव्हती. डॉक्टरांनी घरातच खिळ्याला सलाईन टांगले. "संध्याकाळपर्यंत लघवी झाली पाहिजे," एवढे बोलून ते पुढच्या घरी गेले. सुमीचे डोळे खोल गेले होते. मला तिच्याकडे पाहवेना, आणि नजर हटवण्याचेही धैर्य होईना.

पत्नी घाणीची बादली घेऊन दाराशी गेली, तर आप्पा उभे. आता ते काय बोलणार, या धास्तीने मी मान खाली घातली. त्यांनी बादली तिच्या हातातून घेतली.

"गल्लीत वतू नका. माज्या खड्ड्यात चुना टाकून वततो."

"आप्पा, तुम्ही कशाला..."

"आमच्या मंडळीच्या दुखण्यात मी गल्लीतच वतली व्हती. मंग समोरचं लेकरू..."

ते बादली घेऊन वळले. दिवसभर त्यांनी बादल्या नेल्या. उरलेला वेळ उंबऱ्याबाहेर बसून ते सलाईनच्या थेंबांकडे पाहत राहिले. एकदाही आत आले नाहीत.

दिवेलागणीला सुमीने आईला हाक मारली. चादर ओली झाली होती. पत्नी रडू लागली. आप्पांनी दोन्ही हात जोडले.

सुमीने मान वळवून त्यांना पाहिले. "आप्पा, तुम्ही घरी का नाही गेलात?"

"घरी कोन हाय, बाई?" ते म्हणाले. "तू भात खा. मी हितं बसतो."