गरुडझेप सोसायटीतील झेंड्याचा मान

मूल आईवडिलांपासून जितकं लांब, तितकी आईवडिलांची समाजातली उंची जास्त, हे आता सर्वमान्य आहे. ठाण्यात कोलशेतच्या आमच्या गरुडझेप सोसायटीने तर ते पोटनियमातच घातलं. ज्यांचं मूल विमानतळ ते विमानतळ सर्वांत दूर, त्यांनी पंधरा ऑगस्टला झेंडा फडकवायचा. (मूल जवळच्या दिवा गावात राहत असल्यास पालकांनी खुर्च्या मांडाव्यात. दिव्याला विमानतळ नाही.)

इतकी वर्षं हा मान राजवाड्यांचा. त्यांची मुलगी समृद्धी सॅन फ्रान्सिस्कोला, साडेतेरा हजार किलोमीटर. काळुराम म्हात्रे यांचा मयूर ऑकलंडला, जेमतेम सव्वाबारा हजार. ज्यांच्या भातशेतीवर हा टॉवर उभा राहिला त्यांनीच खाली उभं राहून टाळ्या वाजवायच्या, हे काळुरामशेठना सहन होईना. वार्षिक सभेत ते उठले.

"किलोमीटरनं काय व्हतं? तिची थेट फ्लाइट! माझा पोरगा सिंगापूरला बाकड्यावर झोपतो. टाइम मोजा, टाइम. त्याच्या घरापासून आपल्या घरापर्यंत!"

मुद्दा बिनतोड होता. अंतराऐवजी प्रवासाचा वेळ मोजण्याचा ठराव झाला. (बाकड्यावरची झोप पूर्ण ग्राह्य.) सॅन फ्रान्सिस्को मागे पडलं. काळुरामशेठनी पांढरा सफारी शिवायला टाकला.

त्याच आठवड्यात मयूरचा फोन आला. "बाबा, सुट्टी मिळाली! चौदाला पोचतोय."

त्याची आई बायजाबाई लगेच त्याची खोली धुवायला लागल्या. काळुरामशेठनी मात्र ठराव पुन्हा वाचला. झेंड्याच्या दिवशी मूल घरातच असेल, तर प्रवासाचा वेळ शून्य.

"आरं, सोळाला ये ना," ते म्हणाले.

सोळापासून सुट्टी मिळत नव्हती. तिकीट रद्द झालं. बायजाबाई तेव्हापासून नवऱ्याशी बोललेल्या नाहीत. (याची नोंद सोसायटी घेत नाही, बाब खासगी आहे.)

पंधराच्या सकाळी सेक्रेटरी ऋजुताताई नाव पुकारणार, तोच पाचव्या मजल्यावरच्या भीमाबाईंनी हात वर केला. निवृत्त नर्स, सभेत कधी तोंड न उघडणाऱ्या.

"माझा मुलगा प्रेम माजिवड्याला असतो."

लोक हसले. माजिवडा म्हणजे रिक्षाने वीस मिनिटं.

"हो ना. मागच्या दिवाळीत फोनवर म्हणाला, आई, निघालोय. अजून पोचला नाही. घरापासून घरापर्यंतच मोजता ना तुम्ही?"

ऋजुताताईंनी मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला आणि बंद केला. जगातल्या कुठल्याही विमान कंपनीकडे एवढा लांबचा प्रवास नव्हता. काळुरामशेठ नव्या सफारीत बाजूला सरकले. भीमाबाईंनी दोरी ओढली. फुलं पडली, सगळ्यांनी वर पाहून सलामी दिली. बाई गेटकडे बघत होत्या.

या निकालामुळे परदेशाची न लिहिलेली अट आपोआप रद्द झाली असून स्पर्धा आता बाहेरच्यांनाही खुली आहे. आईला "येतो गं या रविवारी" असं तुम्ही शेवटचं कधी म्हणालात, तिथपासून मोजायला घ्या. सिग्नलला गेलेला वेळ वजा होणार नाही.