क्रमांक एक्केचाळीस

बायको आठवडाभराच्या ट्रेनिंगसाठी परगावी गेली आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या सात वर्षांच्या कन्येला कांजिण्या आल्या.

"मी निघून येते," बायको फोनवर म्हणाली.

"अजिबात नको! गोदामात चार हजार खोकी सांभाळणारा माणूस एक पोरगी सांभाळू शकत नाही?"

(फोनवर बराच वेळ शांतता होती. ते कौतुक असावं, असा मी समज करून घेतला.)

डॉक्टरीणबाईंनी सगळं बजावून सांगितलं. नखं कापा, कोमट पाण्याने आंघोळ घाला, लोशन लावा, खाजवू देऊ नका, मनाने कुठलीही गोळी देऊ नका. "आणि शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत शाळा बंद. नाहीतर ही अख्खा वर्ग आजारी पाडेल."

कन्येने तिथेच भोकाड पसरलं. पुढच्या शुक्रवारी शाळेत नाटक होतं आणि ती त्यात प्रधान होती. "महाराज, घात झाला!" एवढं एकच वाक्य, पण महिनाभर ते आमच्या घरात घुमत होतं. दूध उतू गेलं, घात झाला. गृहपाठ राहिला, घात झाला.

'शेवटचा फोड' म्हटल्यावर माझ्यातला गोदाम-कारकून ताडकन उठून बसला. मोजल्याशिवाय शेवटचा कळणार कसा? मी तिचंच स्केचपेन घेतलं आणि प्रत्येक फोडाशेजारी नंबर टाकत सुटलो.

"बाबा, गुदगुल्या होतायत!"

"हलू नकोस. बासष्ट दोनदा पडला."

एकूण भरले एकशे सत्त्याऐंशी. नंबर आंघोळीत धुऊन जायचे, म्हणून कागदावर तिचा पुढून-मागून नकाशा काढला. रोज सकाळी हजेरी. खपली धरली की फुली.

बुधवारी एकशे शहाऐंशी फुल्या झाल्या. उरला एक्केचाळीस. मानेवर, केसांखाली. पठ्ठ्या फुगेना, सुकेना, खाजेना. नुसता काळा ठिक्कर होऊन बसलेला. मी लोशनचे तीन थर दिले, पंखा लावला, भिंग लावलं.

"बाबा, तिथे मला काहीच होत नाहीये."

"तेच तर! असेच लबाड असतात."

(डॉक्टरीणबाईंना विचारावं, असं एकदा मनात आलं. पण एका खोक्यासाठी कोणी साहेबांना बोलावतं का?)

गुरुवारी सकाळी नाटकाच्या बाईंचा फोन आला. "प्रधान उद्या येतोय ना? नाहीतर मी दुसरीला उभं करते."

काळजावर दगड ठेवून मी म्हणालो, "करा उभं. आमचा एक बाकी आहे."

"एक काय?"

"एक्केचाळीस."

बाईंनी फोन ठेवला. कन्या दाराआडून ऐकत होती. घात झाला, असंसुद्धा म्हणाली नाही. गुपचूप जाऊन डोक्यावरून चादर घेऊन पडली. (त्या एका वाक्यासाठी मी दिवसभर कान लावून बसलो होतो.)

संध्याकाळी बायको परतली. तिने बॅग टेकवायच्या आत मी नकाशा उलगडून सगळी हकीकत सांगितली. तिने चादर काढली, पोरीचे केस बाजूला केले, लोशन पुसलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की एकशे अठ्ठ्याऐंशी नंबर माझाच.

"हा तीळ आहे."

"तीळ? कधी आला?"

"सात वर्षांपूर्वी. तिच्याबरोबरच."

मग ती पोरीला घेऊन दवाखान्यात गेली, शाळेत जायला हरकत नसल्याची चिठ्ठी आणली आणि बाईंना फोन करून प्रधानपद परत मिळवलं. पोरगी आरशासमोर पुन्हा घात करू लागली. तिथेच मी गप्प बसायला हवं होतं.

"पण केसांखालचा तीळ," मी म्हणालो, "बापाला कसा दिसणार?"

बायकोने कपाटातून शाळेच्या प्रवेशअर्जाची प्रत काढून माझ्या हातात ठेवली. 'ओळखीची खूण' यापुढे लिहिलं होतं, 'मानेवर काळा तीळ'. अक्षर माझंच. खाली सहीही माझी. आणि सहीवर, सवयीने मारलेला, आमच्या गोदामाचा शिक्का:

'माल तपासून ताब्यात घेतला.'