एकतिसाव्या तारखेचा घात

तारखांच्या कामात आपला हात धरणारा या इमारतीत कुणी नाही, असं गुरुजींचं ठाम मत होतं. गुरुजी शाळेत नव्हते. एका मोठ्या कंपनीत प्रोग्रॅम लिहीत. पण साधं पाणी मागतानाही समोरच्याला समजावून सांगत, म्हणून हे नाव पडलं. रजेच्या अर्जांचा नवा प्रोग्रॅम त्यांचाच. एक ते एकतीस तारखेपर्यंत आलेले अर्ज निवडायचे आणि साहेबांपुढे मांडायचे. बस्स, डाव्या हाताचा मळ!

अर्ज शेवटच्या दिवशीच करायचा, ही ऑफिसची जुनी शिस्त. गुरुजींनीही एकतीसला सकाळी अकरा वाजता केला. बायकोबरोबर आठ दिवस समुद्रकिनारी! लग्नानंतर अकरा वर्षांनी पहिल्यांदाच. किनाऱ्यावर खोलीसुद्धा ठरवून झाली होती.

दुसऱ्या दिवशी यादी लागली. गुरुजींचं नावच नाही!

"बाई, माझा अर्ज गिळलात की काय?" गुरुजी रजा बघणाऱ्या बाईंवर कडाडले.

"यादी तुमचा प्रोग्रॅम काढतो. मी नुसती चिकटवते."

"म्हणजे चिकटवताना पडला!"

"अर्ज म्हणजे काय शर्टाचं बटण आहे, तुटून पडायला?"

तेवढ्यात आणखी तेरा जण धावत आले. त्यांचेही अर्ज गायब, आणि सगळे एकतीस तारखेचे! गुरुजींच्या अंगात वीरश्री संचारली. सगळ्यांना घेऊन ते साहेबांच्या खोलीत घुसले.

"साहेब, हा सरळसरळ अन्याय आहे! ज्याच्या चुकीने चौदा संसार उघड्यावर आले, त्याला या महिन्यात एक दिवसही रजा देऊ नका!"

"नकाच देऊ!" तेरा जण ओरडले.

"मान्य," साहेब म्हणाले आणि त्यांनी प्रोग्रॅम तपासणाऱ्या बाईंना बोलावलं. बाईंनी उभ्याउभ्याच पडद्यावर नजर टाकली.

"गुरुजी, तुम्ही नुसतं 'एकतीसपर्यंत' लिहिलंय. वेळ कुठाय?"

"वेळ कशाला? तारीख म्हणजे तारीख!"

"वेळ नसली की कॉम्प्युटर मध्यरात्रीचे बारा धरतो. एकतीस तारीख लागली, त्याच क्षणी तुमचा महिना संपला. दिवसभरात आलेले अर्ज बाहेर!"

"हा हलकटपणा आहे!" गुरुजी कॉम्प्युटरवर खेकसले. "एवढं न सांगता कळायला नको?"

तेरा जण मात्र गुरुजींकडे टक लावून बघू लागले. साहेबांनी तेरा अर्ज मंजूर केले आणि चौदावा बाजूला सारला.

"साहेब, मघाशी मी रागाच्या भरात..."

"छान बोललात. मला पटलं."

गुरुजींनी जड आवाजात घरी फोन लावला. "अगं, घात झाला. मला रजा नाही."

पलीकडे हलकी कुजबुज ऐकू आली. बिचारी रडत असणार! गुरुजींनी खिशातून स्वतःचाच रुमाल काढला.

"मग मी ताईला घेऊन जाऊ?" बायको म्हणाली. "ती इथेच आहे. हो म्हणतेय!"

तिच्या मागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"अगं, वाईट वाटणं वगैरे काही आहे की नाही?" गुरुजी तडकले. "निदान दोन अश्रू तरी गाळायचे!"

"गाळते ना," ती घाईघाईने म्हणाली. "आधी बॅगेतले तुमचे कपडे तर काढू द्या!"